किडनीचा पुढच्या टप्प्यातला कर्करोग आणि शस्त्रक्रियेची योग्य वेळ : टाटा रुग्णालयातील सेवेचा अनुभव

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात माझ्या थोरल्या भावावर मूत्रपिंडाच्या चौथ्या टप्प्यातील कर्करोगासाठी उपचार झाले आणि तपासण्या अजूनही तिथेच चालू आहेत. या सेवेविषयी लिहिताना इमारत, स्वच्छता किंवा उपाहारगृह यांवर मी फारसे लिहिणार नाही. ज्या घरात हा आजार शिरतो, त्या घराला एकच प्रश्न छळत असतो, तो म्हणजे ऑपरेशन केले तर माणूस किती जगेल. या प्रश्नाला रुग्णालय किती प्रामाणिकपणे सामोरे जाते आणि जे उत्तर निघेल त्याप्रमाणे उपचारांचा क्रम बदलण्याची त्याची तयारी आहे का, एवढ्याच कसोटीवर मी ही सेवा जोखली आहे. त्या कसोटीला ती पूर्णपणे उतरली.

दादांचे ठाकूरद्वारला वह्यापुस्तकांचे दुकान आहे. लघवीतून रक्त गेले तेव्हा कुठे दुखतखुपत नव्हते, त्यामुळे उन्हाळी लागली असेल म्हणून धने-जिऱ्याच्या पाण्यावर काही दिवस निघून गेले. पुन्हा रक्त दिसल्यावर सोनोग्राफी झाली, पाठोपाठ सीटी स्कॅन झाला आणि उजव्या किडनीत सुमारे 10 सेंटिमीटरची गाठ, तिचा किडनीच्या शिरेतून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत शिरलेला भाग आणि दोन्ही फुप्फुसांत लहान लहान गाठी, असे सगळे एकाच कागदावर हातात आले. उपनगरातल्या ज्या खासगी रुग्णालयात आम्ही प्रथम गेलो त्याचे नाव इथे लिहिणार नाही. तिथे पंधरा मिनिटांत पॅकेजचा छापील कागद पुढे आला, त्याच आठवड्यातली तारीख मिळाली आणि फुप्फुसांतल्या गाठींचे काय असे विचारल्यावर ‘आधी किडनी काढून टाकू, बाकीचे नंतर बघू’ एवढेच उत्तर मिळाले. घाबरलेल्या कुटुंबाला झटपट तारीख मिळाली की हायसे वाटते, आणि नेमके तिथेच थांबून दुसरे मत घेणे सर्वांत गरजेचे असते.

टाटामध्ये फाइल निघाल्यावर पहिली गोष्ट घडली ती अशी की, बाहेरच्या स्कॅनचा नुसता अहवाल न वाचता त्याची सीडी मागून घेण्यात आली आणि तिथल्या रेडिऑलॉजी विभागाने ती नव्याने तपासली. दुसरी गोष्ट म्हणजे बायोप्सी. किडनीच्या गाठीची सुईने बायोप्सी करण्याची पूर्वी फारशी पद्धत नव्हती, कारण बहुतेक गाठी थेट काढल्याच जात असत. परंतु आजार पसरलेला असेल तर औषध कोणते लागू पडेल हे पेशींच्या प्रकारावर ठरते. किडनीच्या कर्करोगांपैकी साधारण तीन चतुर्थांश ‘क्लिअर सेल’ प्रकारचे असतात आणि दादांचाही त्यातलाच निघाला. अहवाल येईपर्यंतचे दिवस घरात कठीण गेले. वहिनींना प्रत्येक दिवस वाया चालला आहे असे वाटे, आणि त्यांचे मन मला समजत होते. तरीही निदान पक्के झाल्याशिवाय पाऊल न उचलण्याचा तो आग्रह मला आज या सेवेचा पहिला मोठा गुण वाटतो.

त्यानंतर जॉइंट क्लिनिक झाले. शस्त्रक्रिया करणारे, औषधोपचार करणारे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर एकत्र बसून एकेका रुग्णाचा निर्णय करतात, आणि हे सारे रुग्णासमोर होते. सर्जनने पडद्यावर स्कॅनची एकेक पट्टी पुढे सरकवत पेनच्या टोपणाने ती शीर दाखवली : एरवी सरळ पांढरी दिसणारी वाट एका ठिकाणी करडी आणि फुगलेली होती. मग खुर्ची दादांकडे वळवून त्यांनी सांगितले, ‘काका, ही गाठ काढणे आम्हाला जमेल. पण आज काढली तर तुमचे आयुष्य वाढेल का, हा खरा प्रश्न आहे.’ जो माणूस स्वतः शस्त्रक्रिया करतो त्याने शस्त्रक्रियेविषयी असे बोलावे, याचे मोल मला तेव्हाच कळले.

या वाक्यामागचा इतिहास मी नंतर वाचून काढला, आणि तो प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांनी जाणून घ्यावा असा आहे. आजार पसरलेला असतानाही मूळ किडनी काढावी, हा प्रघात 2001 साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनी पक्का केला. त्या काळी इंटरफेरॉन हे प्रतिकारशक्ती चेतवणारे इंजेक्शन हेच मुख्य औषध होते. अमेरिकेतल्या चाचणीत नुसत्या इंटरफेरॉनवर असलेल्या रुग्णांचे मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण ज्या काळापलीकडे जगतात तो काळ) 8.1 महिने होते, तर आधी किडनी काढून मग इंटरफेरॉन दिलेल्यांचे 11.1 महिने. युरोपातल्या चाचणीत हेच आकडे 7 आणि 17 असे आले. म्हणजे फायदा खरा होता, पण सगळा हिशोब महिन्यांतला होता. पुढे गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या सुनिटिनिबसारख्या गोळ्या आल्या आणि हाच प्रश्न पुन्हा विचारावा लागला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कारमेना’ या फ्रान्सच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत 450 रुग्ण होते. आधी ऑपरेशन आणि मग सुनिटिनिब घेतलेल्यांचे मध्यक आयुष्य 13.9 महिने, तर फक्त सुनिटिनिब घेतलेल्यांचे 18.4 महिने निघाले. ‘सर्टाइम’ ही त्याच सुमाराची दुसरी चाचणी अवघ्या 99 रुग्णांची होती, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकता येत नाही. मात्र तिच्यात आधी औषध आणि नंतर ऑपरेशन झालेल्यांचे मध्यक आयुष्य 32.4 महिने, तर आधी ऑपरेशन झालेल्यांचे 15 महिने होते.

याचे कारण डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितले. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शरीर सावरायला आठवडे लागतात, तोवर औषध देता येत नाही आणि फुप्फुसांतल्या गाठींना मोकळे रान मिळते. काहींचा आजार या काळात इतका वाढतो की औषध सुरू करण्याची वेळच येत नाही. उलट आधी औषध दिले तर ते कोणाला लागू पडते आहे हे कळते, आणि ज्याला लागू पडले त्याच्यासाठी ऑपरेशनचा धोका पत्करणे सार्थकी लागते. एवढे ऐकल्यावर त्याच आठवड्यात ऑपरेशन उरकण्याची पहिली सूचना आठवून माझ्या अंगावर काटा आला.

दादा कोणत्या गटात बसतात हे ठरवण्यासाठी सहा गोष्टी मोजल्या गेल्या : निदानापासून औषध सुरू होईपर्यंत वर्षाहून कमी काळ गेला आहे का, रोजचे व्यवहार करण्याची ताकद घटली आहे का, हिमोग्लोबिन कमी आहे का, आणि रक्तातले कॅल्शियम, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स वाढलेल्या आहेत का. यांपैकी एकही दोष नसेल तर परिस्थिती अनुकूल, एक-दोन असतील तर मध्यम आणि तीन किंवा अधिक असतील तर प्रतिकूल मानतात. दादांमध्ये दोन निघाले. साध्या रक्त तपासणीतून आणि चार प्रश्नांतून मिळणारी ही माहिती पहिल्या रुग्णालयात कुणी काढली नव्हती, हे मला आजही खटकते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती सांगतो. वहिनींनी बाहेर गाठून डॉक्टरांना विनवले होते की ‘त्यांना आकडे सांगू नका, ते खचतील.’ आपल्याकडे बहुतेक घरांत हेच होते. रुग्ण सोडून सगळ्यांना सगळे ठाऊक असते. डॉक्टरांनी वहिनींना टाळले नाही की दटावले नाही. आत येऊन त्यांनी दादांनाच विचारले, ‘काका, तुम्हाला या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचे आहे? सगळे सांगू, की आज फक्त उपचारांपुरते बोलू?’ दादा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘दुकानाचे काय करायचे ते ठरवावे लागेल. सगळे सांगा.’ वहिनी शेजारीच बसल्या होत्या. पुढची वीस-पंचवीस मिनिटे जे बोलणे झाले त्यात खोटा धीर नव्हता आणि कठोरपणाही नव्हता.

मध्यक आयुष्य म्हणजे मुदत नव्हे, हे त्यांनी प्रथम स्पष्ट केले. निम्मे रुग्ण त्याच्या आत जातात, निम्मे त्याच्या पलीकडे जगतात, आणि त्या दुसऱ्या निम्म्यात काही जण बरीच वर्षे जगतात. मग त्यांनी सुचवलेल्या उपचाराचे नाव घेतले : पेम्ब्रोलिझुमॅब हे दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून द्यायचे इंजेक्शन आणि अ‍ॅक्सिटिनिबच्या रोज दोन वेळच्या गोळ्या. क्लिअर सेल कर्करोगात बहुधा एका जनुकाचे काम बिघडलेले असते, त्यामुळे गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवत राहते. गोळ्या त्या वाहिन्या रोखतात. इंजेक्शन शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाने घातलेला लगाम काढते, आणि ज्या शोधांमधून अशी औषधे घडली त्यांना 2018 चे नोबेल पारितोषिक मिळाले आहे. या जोडीच्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांनंतर 100 पैकी सुमारे 42 रुग्ण हयात होते, तर सुनिटिनिब घेतलेल्यांपैकी सुमारे 37. हे दोन्ही आकडे त्यांनी सांगितले. दोन्ही सांगितले याचे मला विशेष वाटते, कारण नुसते पहिले सांगितले असते तर महागड्या औषधापुढे दुसरा विचारच आमच्या मनात आला नसता.

खर्चाचा प्रश्न खरोखरच मोठा आहे आणि त्यावर पडदा टाकून चालणार नाही. इंजेक्शनच्या एकेका डोसची किंमत लाखांच्या घरात जाते. सुनिटिनिबच्या भारतीय बनावटीच्या गोळ्या त्यामानाने कितीतरी स्वस्त आहेत, आणि ज्यांना पहिला मार्ग परवडत नाही त्यांनी त्या घेणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे, हेही डॉक्टरांनी आपणहून सांगितले. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाने महात्मा फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री व पंतप्रधान निधी आणि धर्मादाय संस्था यांपैकी कुठे काय अर्ज करता येईल हे नीट बसून समजावले. आमच्या मेडिक्लेम कंपनीने मात्र दिवसापुरते दाखल होऊन घेतलेल्या इंजेक्शनला आधी नकार दिला, आणि तो फिरवायला कागदांचे बरेच हेलपाटे पडले. दुकानाचा मागचा गाळा विकून आणि भावंडांनी हात लावून ते पैसे उभे राहिले. सगळ्यांना हे जमणार नाही, याची मला जाणीव आहे.

औषधाच्या महिन्यांत तळपायांची कातडी सोलून लाल झाली आणि दादांना घरातल्या लादीवरही मऊ चप्पल घालून चालावे लागे. युरियाचे मलम आणि गोळ्यांचे प्रमाण थोडे कमी करणे, एवढ्याने ते आटोक्यात आले. रक्तदाब चढला, म्हणून वहिनी सकाळ-संध्याकाळ मोजून शाळेच्या वहीत लिहू लागल्या. थायरॉइड मंदावले आणि त्याची गोळी कायमची मागे लागली. यांतले काहीही अचानक आले असे वाटले नाही, कारण काय होऊ शकते आणि कोणत्या लक्षणाला घरी न थांबता ताबडतोब यायचे, हे गोळ्या सुरू होण्यापूर्वीच नर्सने कागदावर लिहून दिले होते. विशेषतः जुलाब आणि धाप यांच्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण लगाम सुटलेली प्रतिकारशक्ती आतड्यांवर आणि फुप्फुसांवरही उलटू शकते.

काही महिन्यांनी झालेल्या स्कॅनमध्ये फुप्फुसांतल्या बहुतेक गाठी दिसेनाशा झाल्या होत्या आणि शिरेतला भाग आखडला होता. आता ऑपरेशनचा विचार करू, असे जॉइंट क्लिनिकने ठरवले. इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीचा लगाम काढणारी अशी औषधे, आल्यानंतरच्या काळात उशिराच्या ऑपरेशनने आयुष्य नेमके किती वाढते, हे पाहणाऱ्या मोठ्या चाचण्या तेव्हा सुरू होत्या. म्हणून सर्जनने फायदा सांगताना शब्द जपून वापरले आणि धोके मात्र एकेक करून सांगितले. मोठ्या शिरेला हात लागणार असल्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, एका किडनीवर राहावे लागेल, आणि क्वचित माणूस टेबलावरही दगावतो. संमतीपत्रावर सही दादांनी स्वतः, सगळे वाचून केली. गोळ्या काही दिवस आधी बंद करण्यात आल्या, नाहीतर जखम भरायला त्रास होतो.

शस्त्रक्रिया पोट उघडून झाली आणि दुपार त्यातच संपली. संपल्यावर सर्जन बाहेर आले आणि त्यांनी स्टीलच्या ट्रेमध्ये काढलेली किडनी आम्हाला दाखवली : गाठीचा बराचसा भाग राखी आणि मऊ पडलेला, मध्ये कुठे कुठे या प्रकारच्या गाठीला असतो तसा पिवळा रंग, आणि एका कडेला शिरेतून अखंड काढलेले बोटभर शेपूट. पुढचे दिवस वेदनांचे होते. तरी फिजिओथेरपिस्ट दुसऱ्याच दिवशी सकाळी आल्या, त्यांनी दादांना खाटेच्या कडेला बसवले आणि तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र हातात दिले. पहिल्या दिवशी एक चेंडू कसाबसा हलला. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची, हे साधे तंत्र त्यांनी शिकवले नसते तर कफ साठून ताप आला असता. ड्रेन निघाला, पोट सुटले, पेज आणि मऊ भात सुरू झाला आणि दादा घरी आले.

पॅथॉलॉजीच्या अहवालात जिवंत कर्करोग थोडा आणि मेलेला जास्त होता. कडा स्वच्छ होत्या. हा अहवाल हाती देताना ‘बरे झालात’ असे डॉक्टर म्हणाले नाहीत. किडनीचा हा कर्करोग दहा वर्षांनंतरही फुप्फुसात, हाडात किंवा मेंदूत डोके वर काढू शकतो, म्हणून तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवायची आहे, एवढे त्यांनी स्पष्ट केले. पुन्हा आला आणि तो एकाच ठिकाणी असला, तर ती जागा काढून किंवा तिच्यावर रेडिएशन देऊनही चांगला काळ मिळू शकतो, हेही त्याच वेळी सांगितले. ऑपरेशनला आता दोन वर्षे होऊन गेली आहेत. दादा सकाळचे चार तास दुकानात बसतात. उरलेल्या किडनीसाठी तिचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन ठराविक काळाने तपासले जाते, आणि गुडघा दुखला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची नाही, हे त्यांना इतक्या वेळा बजावले गेले आहे की आता तेच गिऱ्हाइकांना सांगतात.

इथला अनुभव वाचून प्रत्येकाने ऑपरेशन पुढे ढकलावे, असे मात्र माझे म्हणणे नाही. आजार किडनीच्या आसपास किंवा शिरेपर्यंतच पोचला असेल आणि दूर कुठेही गेला नसेल, तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे आणि ती लांबवू नये. अशा जास्त धोक्याच्या रुग्णांना ऑपरेशननंतर वर्षभर पेम्ब्रोलिझुमॅब दिल्याने आयुष्य वाढते हे 2024 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले आहे. चार वर्षांनंतर औषध घेतलेल्यांपैकी 91.2 टक्के आणि न घेतलेल्यांपैकी 86 टक्के रुग्ण हयात होते. आजार पसरलेला असूनही गाठी अगदी मोजक्या असतील, प्रकृती दणकट असेल, किंवा रक्तस्राव थांबतच नसेल, तर आधी ऑपरेशन करण्याचा निर्णय योग्य ठरू शकतो. तो निर्णय एकट्या सर्जनने न घेता सर्जन आणि औषधोपचाराचे डॉक्टर यांनी मिळून घेतलेला असावा, एवढे रुग्णाने जरूर पाहावे.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. देशभरातून रुग्ण येत असल्यामुळे ओपीडीच्या दिवशी दुसरे काही काम ठेवू नये. पैसे स्मार्ट कार्डात भरावे लागतात आणि त्यातूनच तपासण्यांचे वजा होतात. अहवाल रुग्णालयाच्या संकेतस्थळावरही पाहता येतात. बाहेरगावच्या मंडळींनी राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन इथे आधी चौकशी करावी. स्कॅनची सीडी, रक्ताचे जुने अहवाल आणि बाहेर बायोप्सी झाली असेल तर तिच्या स्लाइड व मेणाचे ब्लॉक घेऊनच यावे. हे ब्लॉक आधीच्या रुग्णालयाकडून किंवा लॅबकडून मागून घेता येतात, पण ते द्यायला काही ठिकाणी वेळ लावतात. म्हणून त्यासाठीचा अर्ज दुसरे मत घ्यायचे ठरेल त्याच दिवशी देऊन ठेवावा.